‘गॅस भरून टाकू’ म्हणण्याआधी

मे महिन्याच्या दुपारी नागपूरहून काटोल रोडने कळमेश्वरला येताना गाडीचा एसी रुसला तर फेटरी येईपर्यंत तोंड भाजून निघतं. गाडी गॅरेजला नेली की उत्तर ठरलेलं असतं, "गॅस कमी झाला असन, भरून टाकू." गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की गॅस भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी बिघाड शोधायचा. त्यासाठी आर.ए.सी. या विषयात आपण परीक्षेपुरतं पाठ करतो ते चक्र पुरेसं आहे.

चक्र थोडक्यात

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये तो उकळताना केबिनची उष्णता शोषतो. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो (नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ). आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. गेजवर ३० पीएसआय असताना साधारण २ अंशांवर. कंडेन्सरमध्ये त्याला ६० अंशांवर द्रव व्हायचं असेल तर सुमारे २३० पीएसआय लागतात. म्हणजे बाहेर ४४-४५ अंश असताना उष्णता टाकायला जेमतेम १५ अंशांचा फरक उरतो. आपल्याकडे कंडेन्सर आणि त्याचा पंखा इतके महत्त्वाचे का, ते यावरून कळेल.

हे चक्र बंदिस्त आहे. पेट्रोलसारखा गॅस ‘संपत’ नाही. रबरी होज आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे हे नक्की.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

१) हवा कमी येते की गरम येते? हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काटोल रोडच्या धुळीने तो कधी गच्च होतो ते कळतही नाही.

२) हवा जोरात पण गरम येत असेल तर बॉनेट उघडून एसी चालू करा. क्लचवाल्या कॉम्प्रेसरमध्ये ‘टक’ असा आवाज येऊन पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. आवाज नसेल तर फ्यूज बघा, रिले बघा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहता येते. गॅस फारच कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच लागू देत नाही. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नसतो, तिथे ही तपासणी लागू नाही.

३) कंडेन्सरचा पंखा फिरतो का? गाडी पळताना गार आणि उभी राहिली की गरम, हे पंख्याचं किंवा तुंबलेल्या कंडेन्सरचं लक्षण.

४) पाइपांच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग आहे का? गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी तेही बाहेर येतं.

५) गाडीखाली पाणी टपकत नाही म्हणून घाबरू नका. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, पाणी कमीच पडणार. जुलैत मात्र टपकलंच पाहिजे.

गेज काय बोलतो

गाडी बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात. ४० अंशांना सुमारे १३० पीएसआय दिसतील. इथे फसगत होते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तोच राहतो, म्हणून बंद गाडीचा दाब बघून गॅस किती आहे ते कळत नाही. खरी खूण गाडी चालू असताना मिळते:

- दोन्ही दाब कमी: गॅस कमी, गळती शोधा.
- दोन्ही जास्त: कंडेन्सर उष्णता टाकत नाही किंवा गॅस जादा आहे.
- लो साइड जास्त, हाय साइड कमी: कॉम्प्रेसर थकला.
- लो साइड जवळपास शून्य: वाट तुंबली, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी.

काकांची गाडी

माझ्या काकांनी सलग दोन उन्हाळे गॅस भरला. मी विचारलं, "काका, गाडी पळताना गार लागते का?" ते म्हणाले, "पळताना लागते रे, उभी केली की गरम." दोन्ही काटे चढलेले होते. त्या गाडीत कंडेन्सरला वेगळा पंखा आहे. त्याचा रिले गेला होता आणि जाळीत धूळ व कापसाचे तंतू बसले होते. भरीला जादा गॅस. गॅरेजमधून निघाल्यावर गाडी रस्त्यावर पळायची, समोरून वारा लागायचा, म्हणून गार वाटायचं आणि श्रेय गॅसला जायचं! रिले बदलला, जाळी हलक्या पाण्याने धुतली, गॅस मशीनवर पूर्ण काढून बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या वजनाइतकाच भरून घेतला. त्यानंतर उभ्या गाडीतही हवा गार येऊ लागली.

सावधान

पाइपाचा जोड स्वतः सैल करू नका. उडणारा द्रव कातडी आणि डोळे गोठवतो. गळती शोधायला ज्योत वापरू नका. तापल्यावर या गॅसपासून विषारी वायू होतो. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा हात आणि ओढणी लांब ठेवा. गॅस हवेत सोडून देणंही बरं नव्हे: एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांत सुमारे १३०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं.

पुढच्या वेळी कुणी "भरून टाकू" म्हणालं तर शांतपणे दोन प्रश्न विचारा: गळती कुठे आहे? आणि गाडी चालू असताना दोन्ही काटे किती दाखवतात? उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.