फोनला कुलूप आहे की नाही, हे अ‍ॅपला कसे कळते?



हंगाम सुरू झाला की आपले निम्मे काम हल्ली फोनवर चालते. तोडणीचा निरोप, बिल जमा झाल्याचा संदेश, बँकेचा ओटीपी, सारे त्या एकाच डबीत. आणि ती डबी कधी बांधावर, कधी ट्रॅक्टरच्या सीटवर, कधी टपरीवरच्या बाकावर पडलेली असते. म्हणून पैशाचा आकडा दाखवणाऱ्या अ‍ॅपला आपला फोन उघडा आहे की कुलूपबंद, हे कळायला हवे. वाटते तितके ते सोपे नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पडदा काळा होणे म्हणजे घरातला दिवा मालवणे. दिवा गेला म्हणून दाराला कुलूप लागले, असे होत नाही. नुसते बोट सरकवून उघडतो त्या फोनला फक्त कडी आहे. मांजर अडेल, चोर अडायचा नाही. पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड असेल तेच खरे कुलूप. त्यातही बऱ्याच फोनांत पडदा विझल्यावर काही सेकंदांनी कुलूप पडते. तेवढ्यात कुणी उचलला तर दार उघडेच!

अँड्रॉइड फोनात या दारावर एक राखणदार आहे, त्याचे नाव कीगार्ड मॅनेजर. प्रश्न कसा विचारता, यावर त्याचे उत्तर ठरते. 'इज कीगार्ड लॉक्ड' म्हणजे दार लोटलेले आहे का. इथे नुसती कडी असली तरी तो 'हो' म्हणतो. 'इज डिव्हाइस लॉक्ड' म्हणजे आत्ता पिनशिवाय उघडणार नाही ना. आणि 'इज डिव्हाइस सिक्युअर' म्हणजे मुळात कुलूप बसवलेय का. हा तिसरा प्रश्न २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून आला. त्याआधीचा 'इज कीगार्ड सिक्युअर' सिमकार्ड कुलूपबंद असले तरी 'हो' म्हणून मोकळा होतो, म्हणून आमच्या मते तिसराच विचारावा.

आयफोनची तऱ्हा निराळी. तिथे 'कुलूप आहे का' असा सरळ प्रश्नच ठेवलेला नाही. पासकोड लावलेला असेल तर फोन बंद होताना अ‍ॅपला इशारा मिळतो, की संरक्षित फायली आता वाचता येणार नाहीत. त्यावरून ताडायचे. पासकोडच नसेल तर इशाराही नाही.

आता दोन्ही फोनांवर एकच अ‍ॅप चालवायचे तर बहुधा फ्लटरसारखे साधन वापरतात. त्याची पहिली पक्की आवृत्ती गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये काढली. एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा. पण गोम इथेच आहे. फ्लटर अ‍ॅपला एवढेच सांगते, की तू आता 'पॉज्ड' आहेस, म्हणजे पडद्याआड गेलास. सभासदाने फोन कुलूपबंद केला, की दुसरे अ‍ॅप उघडून बातम्या वाचायला घेतल्या, दोन्हीला शब्द तोच. फरक जाणायचा तर फोनच्या मूळ यंत्रणेपर्यंत निरोप पोचवावा लागतो. त्या वाटेला प्लॅटफॉर्म चॅनेल म्हणतात. अँड्रॉइडकडची वाट वेगळी लिहायची, आयफोनकडची वेगळी. एवढे करूनही त्याच क्षणी विचारले तर वर सांगितलेल्या काही सेकंदांमुळे उत्तर 'नाही' येते, आणि जरा वेळाने 'हो'.

म्हणून पैशाच्या पानासाठी आम्हाला या तपासावर सारा भार टाकणे पसंत नाही. पडद्याआड जाताच अ‍ॅपने आकडा झाकावा, वेळ टिपून ठेवावी, आणि मिनिटभराने परत आल्यास पुन्हा बोटाचा ठसा किंवा पिन मागावा. कुलूप पडले होते का, हा वादच उरत नाही. 'इज डिव्हाइस सिक्युअर'चे उत्तर 'नाही' आले, तर मात्र अ‍ॅपने आधी पिन लावायला सांगावे.

एक गोष्ट कुठल्याच अ‍ॅपच्या हातात नाही. कुलूप लावूनही संदेशातला ओटीपी बंद पडद्यावर झळकू शकतो. सेटिंगमध्ये सूचनांच्या सदरात जाऊन लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा; जमले नाही तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.