नावाची वाट पाहू नकोस

मिरज

चि. सौ. सोनूस,


फोनवर तू एकच प्रश्न धरून बसली होतीस, "मावशी, मधुमेह टाइप वन की टाइप टू?" जावईबापूंचे डॉक्टर 'आत्ताच सांगता येत नाही' म्हणाले, त्यावरून त्यांना काही कळत नाही असं तू ठरवून टाकलंस. मी सगळा जन्म वॉर्डात काढलाय. छत्तिशीतल्या सडसडीत माणसाला पहिल्याच भेटीत ठाम शिक्का मारायला जो डॉक्टर कचरतो, त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवीन.

पूर्वी हिशेब सोपा वाटायचा. पोरसवदा आणि बारीक असेल तर टाइप वन. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला असेल तर टाइप टू. आपल्या लोकांत हा हिशेब फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१. म्हणजे दिसायला बारीक असलेल्या माणसालाही टाइप टू गाठू शकतो. उलट बाजूही आहे. शरीराची प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरच उलटते तो टाइप वन तिशी-पन्नाशीतही येतो आणि सुरुवातीला कधी कधी टाइप टूसारखाच वागतो. इंग्लंडच्या थेरेसा मे यांना २०१२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मधुमेह निघाला. आधी टाइप टू समजून गोळ्या दिल्या, त्या लागू पडेनात, तेव्हा टाइप वन असल्याचं कळलं. पुढे २०१६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या आणि इन्सुलिन घेत घेतच त्यांनी देशाचा कारभार केला.

आता डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या दोन तपासण्यांचं. जीएडी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर कल टाइप वनकडे जातो. निगेटिव्ह आली म्हणून तो अगदी बाद होत नाही. सी-पेप्टाइडवरून स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन किती बनवतंय याचा अंदाज येतो. पण साखर फार चढलेली असताना इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमलेल्या असतात, म्हणून आकडा खोटाच कमी दिसू शकतो. काही महिन्यांनी डॉक्टर ही तपासणी पुन्हा करायला सांगतील, तेव्हा 'उगाच खर्च' म्हणून टाळू नकोस. पोटाची सोनोग्राफी सांगितली तर तीही करा. आपल्या देशात स्वादुपिंडात खडे होऊन होणारा मधुमेहही आहे.

पण नाव ठरेपर्यंत उपचार थांबलेले नाहीत, हे ध्यानात घे. इन्सुलिन सुरू झालंय ते चालू राहू दे. "एकदा सुई लागली की सुटत नाही" असं सासूबाई म्हणतात. त्यांना शांतपणे सांग की टाइप टू निघाला तर साखर ताब्यात आल्यावर डॉक्टर पुष्कळदा ती बंद करून गोळ्यांवर आणतात; टाइप वन निघाला तर तीच सुई जीव राखते. दोन्हीकडे आज ती हवीच. कारल्याचा रस, जांभळाच्या बिया कुणी आणून दिल्या तर घरात ठेवून घे, वाद घालू नकोस. पण त्यांच्या भरवशावर एकही डोस चुकवायचा नाही.

दोन प्रसंग मात्र ओळखता आलेच पाहिजेत. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, असं काही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठायचा. आणि घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड म्हणजे साखर उतरलेली असू शकते: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात न्यायचं. त्या वेळच्या चिडचिडीला उत्तर देत बसू नकोस.

जेवणाचं थोडक्यात सांगते. कोल्हापुरात राहून "साखर नको, आपला गूळ चालतो" हे तुला रोज ऐकावं लागेल. गूळ कितीही नामांकित असो, रक्तात गेल्यावर तो साखरच. उसाचा रसही तसाच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला लोक उगाच बदनाम करतात; त्याच्याबरोबर किती भात जातो ते बघायचं. मिसळीचंही तेच, पाव आणि फरसाण मोजा. भाकरी चांगली, पण तीही मोजूनच.

आता खरं सांगायचं ते. मधुमेह त्यांना झालाय, तुला नाही. तू बायको राहा, पहारेकरीण होऊ नकोस. ते दारात पाय ठेवतात न ठेवतात तोच "आज किती आली?" विचारशील, तर महिन्याभरात ते आकडे लपवायला लागतील. मी अशी जोडपी पाहिली आहेत: बायको डबा तपासते आणि नवरा टपरीवर चोरून गोड चहा पितो. त्यांनाच विचार, माझी मदत कशात हवी? वेळेची आठवण हवी असेल तर आठवण दे, दवाखान्यात सोबत हवी असेल तर जा. सुई त्यांची त्यांना टोचू दे. नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं हेही त्यांनाच ठरवू दे. तालमीतल्या मित्रांपुढे शरीराचा अभिमान बाळगलेला माणूस आहे; त्यांचं गप्प राहणं म्हणजे तुझ्यावरचा राग समजू नकोस.

तुझी भीतीही दाबून ठेवू नकोस. त्यांच्यासमोर रडू आलं तर येऊ दे. पण रोज रात्री मोबाइलवर वाचत बसून सकाळी त्यांना नवा धसका देणं बंद कर. जे वाचशील ते वहीत लिही आणि पुढच्या भेटीत तीनच प्रश्न विचार: प्रकार ठरला का, नसेल तर पुढची तपासणी कधी? आजारी पडले, जेवण गेलं नाही, तर इन्सुलिनचं काय करायचं? डोळ्यांची, पायांची, मूत्रपिंडाची तपासणी कधी?

सासूबाईंना नमस्कार. रविवारी दोघं मिरजेला या. मटण करीन. भात मोजून वाढीन, आणि तुलाही तेवढाच.

तुझी,
मावशी