घर बघण्याआधी आयर्विन बघ

तुझी बदली सांगलीला झाली हे ऐकून बरं वाटलं. पण एकाच फोनवर तू विश्रामबागचा फ्लॅट महाग आहे म्हणालास, शामरावनगरला स्वस्त मिळतोय म्हणालास आणि एजंट चांगला माणूस आहे असंही म्हणालास. म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते. फोनवर तू नुसतं 'हो आत्या, हो आत्या' करतोस. लिहिलेलं निदान सूनबाई तरी नीट वाचेल.

पुण्यात लोक घराचे चौरस फूट विचारतात. इथं आधी आयर्विनचे फूट विचारायचे. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 सालचा. त्याच्याजवळ पाण्याची पातळी मोजतात. 40 फूट झाले की इशारा, 45 झाले की धोका. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीकर एकमेकांना 'जेवलास का' विचारायच्या आधी 'आयर्विनला किती?' असं विचारतो. 2005 साली पाणी पन्नाशीच्या पुढं गेलं, तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असा पूर आता पुन्हा बघायला मिळणार नाही. मग 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं आणि दोनच वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये, परत पन्नाशी ओलांडली. त्यामुळे 'असं काही रोज होत नाही हो' म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाज आणि पुढं चालू लाग.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर ही नावं कानावर पडली तर घर कितीही गोजिरं असो, तळमजला घ्यायचा नाही. आयर्विनला चाळीसच्या आसपास झालं की तिथल्या माणसांना बोचकी बांधायला लागतात. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड हा बाजाराचा भाग आहे. तिथं सोय मोठी, पण मोठ्या पुरात दुकानांची शटरं पाण्याखाली जातात. नदीपलीकडच्या सांगलीवाडीचं तर विचारूच नकोस. शामरावनगरची गोष्ट जरा वेगळी. तिथं नदी येवो न येवो, जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. जमीन काळी, भाग सखल आणि निचऱ्याला वाट नाही. काही गल्ल्यांत पावसाळाभर चिखल तुडवत दुचाकी ढकलावी लागते. भाडं कमी का, ते आता तुझं तू समज. विश्रामबाग उंचावर आहे, म्हणून महाग आहे. कुपवाडकडंही उंची आहे, फक्त तिथं एमआयडीसीची वर्दळ असते. तुझं ऑफिस मिरजेच्या बाजूला असेल तर मिरजेत बघ. रेल्वे जंक्शन आहे, दवाखाने आहेत आणि भाडीही माफक. सांगली, मिरज, कुपवाड ही 1998 पासून एकच महापालिका आहे, पण मिरजकराला सांगलीकर म्हणू नकोस. उगाच वैर नको.

घर बघायला गेलास की पाण्याचं घरमालकाला विचारू नकोस, एजंटाला तर नकोच. खाली उतरून गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत, नाहीतर इस्त्रीवाल्याला विचार, "2019 ला इथं कुठवर होतं?" तो हातानं दाखवेल. कुणी गुडघा दाखवतो, कुणी छाती, कुणी वरच्या मजल्याकडं बोट करतो. मग घरात जाऊन भिंती बघ. एकाच पट्ट्यात प्लॅस्टर फुगलेलं असेल, अर्ध्या भिंतीपर्यंतच नवा रंग असेल किंवा लाकडी दाराची चौकट खालून काळी पडली असेल, तर उत्तर मिळालं. विजेचे बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर आहेत तेही बघ. ज्यानं पूर अनुभवलाय तो बटणं वर सरकवून घेतो. अशा घरमालकाला भित्रा समजू नकोस, त्याला अनुभव आहे. इमारतीला खाली पार्किंग असेल तर विजेची मीटरं कुठं आहेत? पार्किंगच्या भिंतीवर हाताच्या उंचीला असतील तर पहिलं पाणी त्यांच्यात शिरणार, आणि तू तिसऱ्या मजल्यावर असूनही अंधारात बसणार. लिफ्ट बंद, पाण्याची मोटर बंद.

आता कागदांचं. यात तुझी पिढी फारच ढिली आहे. मोबाईलवर 'ओके' आलं की झालं, असं वाटतं तुम्हाला.

भाड्यानं राहायचं तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याचं 55 वं कलम हेच सांगतं. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि करार नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर, उलटं सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. हे घरमालकाला शांतपणे सांगितलंस की तोच आधार कार्ड घेऊन पुढं येतो. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदवायची गरज नाही' असं म्हणणारे अजून भेटतील. ती सवय एका केंद्रीय कायद्यातून आली आहे, त्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे. आपल्या राज्यात मात्र अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

खर्च किती? मुदतीचं एकूण भाडं आणि अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. समज, भाडं 9,000, अनामत 50,000 आणि मुदत अकरा महिने. भाड्याचे 99,000 आणि व्याजाचे साडेचार हजार धरले तर मुद्रांक तीनशेच्याही आत बसतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. वर थोडा किरकोळ खर्च आणि करून देणाऱ्याची मजुरी. अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस हल्ली घरी येतो. एवढ्या पैशांसाठी घासाघीस करू नकोस. निम्मे तू दे, निम्मे त्यांना देऊ दे.

अनामत बँकेतून दे, रोख देऊ नकोस. भाडंही बँकेतूनच. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर घरभाडे भत्त्याची सूट घेताना ऑफिसात घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तो करार करतानाच मागून घे, मार्चमध्ये मागायला गेलास की तोंडं वाकडी होतात. राहायला जाशील त्या दिवशी वीजमीटरचं रीडिंग, नळ, फरशीच्या भेगा, गळकं छत, सगळ्याचे फोटो काढ आणि घरमालकाला पाठव. सोडताना 'ही भेग तुम्ही पाडली' असं कोणी म्हणणार नाही. मुदत संपायच्या महिनाभर आधी नव्या कराराचं बोल. मुदत संपल्यावर घर न सोडता बसून राहिलास तर भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते, तेही याच कायद्यात आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती घरमालक देतो. त्यानं फोटो आणि ओळखपत्र मागितलं तर संशय घेतोय म्हणून चिडू नकोस. पण आडनाव ऐकून 'तुमच्यात काय काय खाता?' असं विचारणारा भेटला तर घर आवडलं तरी उठून ये. अशा माणसाच्या डोक्यावर राहण्यापेक्षा त्याच्या गल्लीत न राहिलेलं बरं.

सोसायटीत फ्लॅट मिळाला तर सेक्रेटरी पहिल्या दिवशी येतो आणि नियम सांगतो. ऐकून घे. बरेचसे बरोबर असतात, काही त्याच्या मनाचे असतात. नमुना उपविधीप्रमाणे सभासदानं फ्लॅट भाड्यानं देताना संस्थेला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि तो मालकानं भरायचा असतो. ही रक्कम भाड्यावर चढवून तुझ्याकडून काढू बघतील. मासिक देखभाल कोण भरणार ते करारात लिहून घे. सभेला भाडेकरूला मत नसतं, पण पाण्याच्या टाकीवर झाकण नाही, हे सांगायला मत कशाला लागतं? कचरा ओला-सुका वेगळा ठेव. घंटागाडी आली की डबा तूच खाली ने, नवी नवरी म्हणून तिच्यावर टाकू नकोस. वरच्या मजल्यावरून पाणी सांडू नये आणि दुपारी दोन ते चार ड्रिल मशीन चालवू नये. हे कुठल्या उपविधीत आहे की नाही ते बघायला जाऊ नकोस, पाळ म्हणजे झालं.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच कर. कोयना धरणाची क्षमता 105 टीएमसीच्या आसपास. धरण भरत आलं आणि विसर्ग वाढवला की पेपरात क्युसेकचे आकडे यायला लागतात. कोयनेतून सोडलेलं पाणी लगेच इथं येत नाही, वाटेत वेळ जातो. तो वेळ तुझा. शिवाय हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरण आहे, म्हणून सांगलीत ऊन पडलेलं असताना पाणी चढू शकतं. डोक्यावर पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. इशाऱ्याच्या आधीच गाडी उंच ठिकाणी नेऊन लाव. सगळ्यांच्या गाड्या निघाल्या की रस्ता उरत नाही. गॅस सिलिंडर बांधून ठेव, फ्रिज वर चढवायला माणसं आधी सांगून ठेव. प्यायचं पाणी भरून ठेव, कारण महापालिका पाणी कृष्णेतूनच उचलते. पुरात उपसा यंत्रणाच अडचणीत आली की दारात पाणी असतं आणि नळ मात्र कोरडा. पाणी ओसरल्यावर घरात शिरताना आधी मेन स्विच, मग साप, मग चिखल, या क्रमानं बघ. चिखल घट्ट व्हायच्या आत धुवून काढ. वाळला की फावड्यालाही ऐकत नाही.

आणि इथंच तो करार कामाला येतो, म्हणून मी एवढं घसा ताणून सांगितलं. पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. 2019 ला शहरातल्या पूरबाधित कुटुंबाला 15,000 रुपये सानुग्रह अनुदान मिळालं. माणसं दाराशी येऊन विचारतात, इथं कोण राहत होतं? पाणी तर भाडेकरूच्या गाद्यांत आणि धान्याच्या डब्यांत शिरलेलं असतं, पण कागदावर नाव मालकाचं. घरमालक गावाला, आधार कार्डावर पुण्याचा पत्ता आणि करार तोंडी. अशी कुटुंबं रिकाम्या हातानं बसलेली मी या गल्लीत बघितली आहेत. नोंदवलेला करार, तुझ्या नावावर आलेली बँकेची पत्रं, गॅस जोडणीचा बदललेला पत्ता, एवढं असलं की पंचनाम्यात तुझं नाव लिहायला कोणी आढेवेढे घेत नाही. मतदार यादीतला पत्ताही बदलून घे.

दोन-चार वर्षांनी घर विकत घ्यायचं डोक्यात आलं तर आत्याला विचारल्याशिवाय इसार देऊ नकोस. नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा बघायचा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. दुसरं म्हणजे गुंठेवारी. या शहरात तुकड्या-तुकड्यानं विकलेल्या जमिनींवर कितीतरी वसाहती उभ्या आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं त्या नियमित करायची सोय केली आणि 2021 मध्ये मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली. विकणारा 'गुंठेवारी झालीये' म्हणेल. प्रमाणपत्र हातात घेऊन वाच. 'अर्ज केलाय' म्हणजे झालेली नसते.

बाकीचं तुला आपोआप कळेल. सांगली-मिरज जायला सिटी बस आहे, आसपासच्या गावांना वडाप, म्हणजे सीटवारी भरून जाणारी गाडी, आहे. वडापमध्ये पुढच्या सीटवर बसायचं असेल तर गाडी भरायच्या आधी जा. गणपतीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीचं विसर्जन असतं, त्या संध्याकाळी सरकारी घाटाकडं गाडी घेऊन जाऊ नकोस, चालत ये. घरी आलेल्याला भडंग पुढं ठेवला नाहीस तर चिकट म्हणतील.

करार नोंदवून झाला की त्याची एक प्रत, तुमच्या पदवीची प्रमाणपत्रं आणि सूनबाईच्या माहेरचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जून लागायच्या आत माझ्याकडं आणून दे. मी गावभागात, म्हणजे पुराच्या भागातच, असले तरी दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि कपाटात जागा आहे.