गुरांची साथ

शेतकऱ्याच्या गोठ्यातील जनावर आजारी पडले, तर सारे घर चिंतेत पडते, आणि ते साहजिकच आहे. बैल गेला की नांगर थांबतो. गाय गेली की घरातील दूध आणि दुधाचा पैसा दोन्ही जातात. मग एकाच वेळी गावातील निम्मी गुरे आजारी पडली, तर काय अनर्थ ओढवत असेल!

पूर्वी 'बुळकांडी' हे नाव उच्चारताच खेड्यापाड्यांतील लोकांचा थरकाप होत असे. जनावरास ताप भरे, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहू लागे, तोंडात व्रण पडत आणि मग जुलाब सुरू होऊन थोड्याच दिवसांत ते प्राण सोडी. या रोगावर औषध नव्हते. रोगी गुरे निरोगी गुरांपासून दूर ठेवणे, एवढाच काय तो उपाय होता. परंतु तो वाटतो तितका सोपा नव्हे. रोगाची वार्ता फुटली की त्या घरचे दूध कोण घेणार आणि गुरे कोण विकत घेणार? म्हणून मालक ती लपवू पाहत. आजारी जनावर मिळेल त्या किमतीस विकून मोकळे होण्याचा मोहही पडे. जनावराबरोबर रोगही मग परगावी जाई.

ही अडचण थॉमस बेट्स या इंग्रज शल्यवैद्याने चांगली ओळखली होती. १७१४ साली लंडनजवळील इस्लिंग्टन येथील गोठ्यांत बुळकांडी शिरली, तेव्हा राजाच्या पदरी असलेल्या बेट्सवर चौकशीचे काम सोपविण्यात आले. त्याने सुचविलेले उपाय कठोर होते. आजारी गाई मारून जाळाव्यात, निरोगी गुरांचे लहान लहान कळप करून ते अलग ठेवावेत आणि रिकामे झालेले गोठे धुऊन काही महिने तसेच ठेवावेत. अशा प्रकारचे हुकूम युरोपात इतरत्रही सुटले होते. काही ठिकाणी तर ते मोडणाऱ्यास भयंकर शिक्षा होत्या. बेट्सने मात्र शिक्षेपेक्षा भरपाईवर भर दिला. मारलेल्या प्रत्येक आजारी गाईमागे मालकास ४० शिलिंग मिळू लागले, आणि काही महिन्यांतच ती साथ निमाली.

आपल्या देशात गाईबैल मारून रोग हटविणे लोकांस रुचणारे नव्हते. येथे लसच कामी आली. या रोगांच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ साली कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथे जे. टी. एडवर्ड्स यांस असे आढळले की, रोगाचा विषाणू शेळ्यांच्या शरीरात पुनःपुन्हा वाढविला असता गाईबैलांपुरती त्याची मारकता उणावते. यातूनच लस तयार झाली. १९५४ साली देशव्यापी मोहीम सुरू झाली. भारतातील शेवटचा रोगी १९९५ साली आढळला, आणि २०११ मध्ये साऱ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

बुळकांडी गेली, तरी साथी संपल्या नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात 'लंपी' या चर्मरोगाची साथ दिसली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. अंगावर गाठी येणारा हा रोग माशा, डास व गोचिडे यांच्याद्वारे फैलावतो. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. पुष्कळ गावांत पोळ्याचे बैल मिरवलेच नाहीत. रोगी जनावर आढळले की, पाच किलोमीटरच्या परिसरातील निरोगी गुरांस शेळ्यांच्या देवीची लस विनामूल्य टोचीत. कारण ती लंपीसही आवर घालते. अर्थात पहिली खबर गोठ्याच्या मालकाकडूनच यावी लागे. दगावलेल्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये देण्याचे राज्य शासनाने ठरविले. चांगल्या दुभत्या गाईस बाजारात याहून पुष्कळ अधिक पैसे पडतात. आणि जी गाय रोगातून उठली पण दुधास आटली, तिच्या मालकास या हिशेबात स्थान नव्हते.