रक्कम वाचा, मग आकडे टाका

नाशिकरोडच्या माणसाला खरा पैसा कसा ओळखायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, १९२८ पासून करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या, आणि प्रेसच्या पगारावर इथली घरंच्या घरं वाढली. माझे यजमान प्रेसमधूनच निवृत्त झाले. नोट उजेडासमोर धरायची, वॉटरमार्क बघायचा, धागा बघायचा, ही सवय आमच्या मुलांनाही होती. ऑनलाइन बँकिंगमध्ये उजेडासमोर धरायला हातात काही नसतं. वयस्कर माणसं बिचकतात ती तिथेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या भागातल्या बऱ्याच ज्येष्ठांना, त्यातही बायकांना, शेजारी बसून नेट बँकिंग सुरू करून दिलं. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते.

१. आधी इंग्लंडमधल्या एका यंत्राबद्दल, कारण मला या विषयाचं मर्म तिथे कळलं. माझी मुलगी तिकडे असते. तिथल्या काही बँका खातेदाराला कॅल्क्युलेटरएवढं एक कार्ड रीडर देतात. बार्कलेज बँकेने २००७ मध्ये ‘पिनसेंट्री’ नावाने ते आणलं. कार्ड त्यात खोचायचं, पिन दाबायचा, पडद्यावर आठ आकडे येतात, ते संगणकावर टाकायचे. हे यंत्र इंटरनेटला जोडलेलं नसतं. त्यात आपली काही माहितीही नसते. सगळं गणित कार्डावरची चिप करते, म्हणून त्याच बँकेचं शेजाऱ्याचं यंत्र घेतलं तरी काम होतं.

त्यावर तीन बटणं असतात: आयडेंटिफाय, रिस्पॉन्ड आणि साइन. पहिल्याने आपली ओळख पटते. तिसरं फार विचारपूर्वक केलेलं आहे. नव्या माणसाला पैसे पाठवताना त्याचा खाते क्रमांक आणि रक्कम आपण आपल्या हाताने यंत्रात टाकायची. मग जे आकडे येतात ते त्याच खात्यासाठी आणि तेवढ्याच रकमेसाठी चालतात. मधल्या मधे कुणी ते पळवले तरी दुसऱ्या खात्यात पैसे वळवायला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे ‘मी कोण’ हे सांगणं वेगळं आणि ‘एवढे पैसे अमक्याला द्या’ अशी सही करणं वेगळं. हा फरक ज्याला समजला त्याला निम्मं ऑनलाइन बँकिंग समजलं, असं माझं ठाम मत आहे.

यंत्र निर्दोष आहे असंही नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्येच त्यातल्या उणिवा दाखवून दिल्या होत्या. एखाद्याला अडवून लुटणारा चोर असल्या यंत्रावर त्याने सांगितलेला पिन खरा की खोटा हे जागच्या जागी तपासू शकतो, ही त्यातली एक. आणि फोनवर कुणी ‘हे बटण दाबा, आलेले आकडे वाचून दाखवा’ म्हणालं आणि माणसाने ऐकलं, तर कुठलंच यंत्र त्याला वाचवत नाही.

२. आपल्याकडे साध्या बचत खात्याला असं यंत्र सहसा मिळत नाही. त्याची जागा ओटीपीने, म्हणजे मोबाइलवर मेसेजने येणाऱ्या, एकदाच चालणाऱ्या आकड्यांनी घेतली. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर न छापलेली आणखी एक खूण विचारली पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून लागू केला. पुढे २०१८ अखेरपर्यंत काळ्या पट्टीची कार्डं बदलून चिपची कार्डं द्यायला बँकांना सांगितलं. तेव्हा चिप आपल्याही कार्डावर आहे, पण ती वाचली जाते दुकानातल्या स्वाइप मशीनमध्ये आणि एटीएममध्ये. घरबसल्या व्यवहार करताना भिस्त मोबाइलवर. बँकेचं ॲपही त्यातच आणि ओटीपीचा मेसेजही त्यातच. कुलूप आणि किल्ली एकाच खिळ्याला टांगल्यासारखं हे आहे. इंग्लंडमध्ये जो वेगळेपणा यंत्रामुळे आपोआप येतो, तो आपल्याला सवयीने आणावा लागतो.

मी ज्येष्ठांना घालून देते ती पद्धत अशी. पेन्शनच्या खात्याला जोडलेलं सिम साध्या, बटणांच्या फोनमध्ये ठेवायचं. त्या खात्याचं नेट बँकिंग घरच्या संगणकावर किंवा टॅबवर करायचं आणि ओटीपी येऊ द्यायचा साध्या फोनवर. स्मार्टफोनवर कुणी नको ते ॲप टाकायला लावलं, तरी त्याला पेन्शन खात्याचा ओटीपी दिसत नाही. भाजी, दूध, रिक्षा यांना यूपीआय हवंच असतं. त्यासाठी दुसरं छोटं खातं, दुसरा नंबर, आणि त्यात महिन्याच्या किरकोळ खर्चापुरतेच पैसे. ‘दोन-दोन फोन कशाला?’ असं घरातली मुलं म्हणतात. म्हणू देत. आयुष्यभराची पुंजी आणि भाजीचे पैसे एकाच फोनवर ठेवू नयेत.

३. ओटीपीच्या मेसेजमध्ये नुसते आकडे नसतात. किती रुपये, कशासाठी, बऱ्याचदा कुणाला, हेही लिहिलेलं असतं. घाईत माणूस फक्त आकडे टिपतो. मी प्रत्येकाला मेसेज मोठ्याने वाचायला लावते, आणि आकडे शेवटी. रक्कम आपल्या मनातली नसेल तर हात तिथेच थांबला पाहिजे. इंग्रजी वाचता येत नसेल तर रक्कम तरी वाचता येतेच. त्या यंत्रावरचं ‘साइन’ बटण आपल्याकडे म्हणजे हा मेसेज, आणि न वाचता सही कुणी करू नये. पैसे घेण्यासाठी ना ओटीपी लागतो ना यूपीआय पिन. जुना सोफा विकायला काढला आणि घेणारा म्हणाला, ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’, तर तो पैसे काढून घेतोय असं समजावं.

४. नोंदणी स्वतःच्या घरी किंवा बँकेच्या शाखेत करावी, भाड्याच्या संगणकावर नाही. डेबिट कार्ड, पासबुक आणि बँकेत नोंदवलेल्या नंबरचा फोन जवळ घेऊन बसावं. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता पासबुकावरून पाहून स्वतः टाइप करावा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे आता पत्त्याचं शेपूट तपासणं सोपं झालंय. ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो.

५. पहिला व्यवहार अगदी थोड्या रकमेचा, आपल्याच माणसाशी करावा. जेलरोडच्या एका आजींनी सिन्नरच्या बहिणीला पैसे पाठवले. बहिणीचा फोन आला तरी त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या, पासबुक भरून घेतलं, आणि छापलेली ओळ बोटाने वाचल्यावरच त्यांचं समाधान झालं. मला ते फार योग्य वाटलं. सुरुवातीचे काही महिने पासबुक भरत राहावंच. स्क्रीनवरचा आकडा आणि पासबुकातला आकडा जुळतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धास्ती जात नाही.

एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची एनईएफटी ही सोय १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खाते क्रमांक टाकला की खातेदाराचं नाव बघण्याची सोय आहे. नाव जुळलं तरच पुढे जावं.

६. नको असलेलं बंद ठेवावं. कार्डाचा परदेशातला वापर, ऑनलाइन वापर बंद-चालू करणं आणि मर्यादा ठरवणं ही सोय बँकांनी दिलीच पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सांगितलं आहे.

७. नवरा-बायको दोघांनाही हे यायला हवं. याबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रह धरते. बँकेचं सगळं ‘हे’ बघतात, अशी घरं आमच्या कॉलनीत अजून आहेत. एक दिवस ‘हे’ जातात. खातं त्यांच्या नावावर, मोबाइल नंबर त्यांचा. नंतर कुणी रिचार्ज करत नाही, सिम बंद पडतं, आणि ओटीपी यायचा थांबतो. दुःखात बुडालेल्या बाईला शाखेत कागद घेऊन फेऱ्या माराव्या लागतात. अशा वेळी नातेवाईक सुचवतात, ‘पासवर्ड माहीत आहे ना, काढून घे पैसे.’ तसं करू नये. मृत्यूचा दाखला देऊन, नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार म्हणूनच पैसे घ्यावेत, नाहीतर पुढे वारसांमध्ये भांडणं होतात.

हे टाळायचं तर दोघं हयात असतानाच खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही आणि एकाच्या मागे दुसऱ्याला चालवता येईल असं, करून घ्यावं, नॉमिनीचं नाव तपासावं. बायकोचं स्वतःचं एक खातं, स्वतःचं कार्ड आणि त्याला तिचाच नंबर असावा. मुलाचा नंबर देऊ नये, मुलगा कितीही चांगला असला तरी. माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी ज्यांनी जन्मात बँकेची स्लिप भरली नव्हती, त्याही हे शिकल्या. वीजबिल स्वतः भरल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठीच मी हे काम करते.

८. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना फोन येतात: हयातीचा दाखला अडकलाय, ओटीपी सांगा. काही जण पोलिसांच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगतात. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जाता येतं, किंवा २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय आहे. त्यासाठी अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगण्याची गरज नसते.

तरीही कुणी फसलं, तर त्याला बोल लावू नका. आपल्याच घरात काय म्हणतील या भीतीने माणसं दिवसचे दिवस गप्प बसतात, आणि नुकसान तिथे वाढतं. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम असा की, चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदारावर काहीही बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर मर्यादित बोजा येतो. ओटीपी आपण स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असाच नियम लागू झाला. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येतात.

म्हणून हे वाचून झाल्यावर पासबुक काढा आणि कव्हरच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत १९३० लिहा. त्याखाली कार्डामागचा आपल्या बँकेचा नंबर लिहा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला ते पान कुठे आहे ते दाखवून ठेवा.