उल्हासच्या मुखावरील जुनें शहर

युरोपांतील कालव्यांकांठच्या जुन्या शहरांचा धडा शिकवीत असतां एका मुलानें विचारलें, "सर, असें गांव आपणांस कधीं पाहावयास मिळेल काय?" आम्हीं त्याच दिवशीं वर्गास मोहन्याच्या बंधाऱ्यावर नेलें व सांगितलें, "ही उल्हास नदी ज्या खाडीनें समुद्रास मिळते, त्या खाडीच्या मुखाशीं तसें एक गांव आहे." पुढें नाताळच्या सुटीपूर्वीं आंबिवलीहून कल्याण, दिवा करीत आम्ही आगगाडीनें वसईस गेलों.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांस दिली. त्यांनीं दहा बुरुजांचा तट बांधून आंत आपल्या देशाच्या धर्तीचें शहर वसविलें. व्हेनिसमध्यें पाण्याच्या वाटा घरांच्या उंबऱ्यापर्यंत जातात; वसईस खाडी हाच राजरस्ता होता. म्हणून शहराच्या दोन दरवाजांपैकीं एक बंदराकडे आहे. याच जलमार्गानें वसईचा दगड गोव्याच्या बोम जेझू मंदिराच्या दर्शनी भागासाठीं गेला. येथेंच जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानास गेले व १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मे झाले.

आज ख्रिस्तमंदिरांचीं लांकडी छपरें नाहींत, परंतु दगडी कमानी उभ्या आहेत. मुलांना नवल वाटलें. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडविलेला असतो. तो खालीं येऊं पाहतो, तों दोहों बाजूंचे शेजारी त्यास दाबून धरतात. वरचा भार अशा रीतीनें दोन्ही खांबांवर उतरतो. एक दगड निखळला, तर सर्वच धोक्यांत येतात.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं सुरुंग लावून तट फोडला व वसई घेतली. उभय पक्षांचीं हजारों माणसें पडलीं होतीं. तरी शरण आलेल्या सैन्यास सन्मानानें जाऊं दिलें. येथील एक घंटा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अद्यापि आहे.

परतण्याच्या वेळीं आमच्यांतील एक विद्यार्थी अणकुचीदार खडा घेऊन एका कमानीवर आपलें नांव कोरूं लागला. आम्हीं रागें न भरतां विचारलें, "ही कमान रचणाऱ्या गवंड्याचें नांव कोठें दिसतें का, पाहा बरें." तो बराच वेळ शोधीत राहिला. शेवटीं त्यानें खडा टाकला आणि काढलेलीं दोन अक्षरें हातानें पुसूं लागला. पण तीं पुसलीं गेलीं नाहींत.

बालमित्रांनो, आईबापांसह वसई अवश्य पाहा. चारशें वर्षांच्या पावसानें जें राखलें, तें आपल्या हातून बिघडूं नये, एवढें मात्र ध्यानांत ठेवा.