विटांचे भविष्यचित्र : मोठ्या प्रतिकृतीची आखणी आणि संस्करण

दिवाळीत अंगणात किल्ला बांधणाऱ्या मुलाला एक अडचण नेहमी भेडसावते. माती, दगड आणि गोणपाट यांतून डोंगर सुरेख उभा राहतो, अळीव पेरून हिरवळही आणता येते; परंतु बाजारातून आणलेला मावळा बुरुजावर ठेवला की तो बुरुजाहून उंच दिसू लागतो. किल्ल्याचे प्रमाण एक आणि माणसांचे दुसरे, असा हा पेच आहे. किल्ल्यातील आनंद यामुळे उणावत नाही, कारण पाहणाराही ती विसंगती समजून घेतो. तथापि ज्याला एखादे दृश्य विश्वसनीय वाटेल असे उभारावयाचे आहे, त्याला मात्र या पेचातूनच आपल्या विद्येची सुरुवात करावी लागते.

प्रस्तुत पाठात प्लॅस्टिकच्या विटांतून विज्ञानकथेतील एखादे मोठे दृश्य कसे आखावे आणि ते टप्प्याटप्प्याने कसे निर्दोष करावे, याचा विचार केला आहे. उदाहरणासाठी बंगळूरच्या उत्तरेस असलेल्या येलहंका या गावातील एक काल्पनिक प्रसंग घेतला आहे.

विटेचे गणित

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ साली लाकडी खेळण्यांचा जो कारखाना सुरू केला, त्यातूनच पुढे लेगो ही विटांची पद्धती जन्माला आली. वरच्या बाजूस खुंट्या आणि आत पोकळ नळ्या, अशी आजची रचना २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदविण्यात आली. नळ्यांमुळे विटेची पकड दृढ झाली. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर अद्यापही घट्ट बसते, ही गोष्ट या पद्धतीच्या काटेकोरपणाची साक्ष देते.

दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असते. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, तर पातळ प्लेटची ३.२ मिलिमीटर; म्हणजे तीन प्लेट मिळून एक वीट होते. पाच प्लेट एकावर एक ठेवल्यास उंची १६ मिलिमीटर भरते आणि दोन खुंट्यांची रुंदीही तेवढीच असते. या साध्या समीकरणात फार मोठी शक्यता दडलेली आहे. त्याच्या आधारे वीट आडवी, उलटी किंवा भिंतीला काटकोनात बसवूनही सांधा तंतोतंत जुळविता येतो, आणि यानाचा पृष्ठभाग खुंट्यांविना गुळगुळीत करता येतो.

दोन गुणिले चार खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या केवळ सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. यास्तव रचनाकारापुढचा प्रश्न शक्यता शोधण्याचा नसून त्या नाकारण्याचा असतो. कोणत्या जोडण्या टाळावयाच्या हे ठरविणे, यालाच आखणी म्हणावे.

प्रसंगाची निवड

येलहंक्याचे नाडप्रभू केम्पेगौडा यांनी १५३७ च्या सुमारास बंगळूर वसविले. हेच बंगळूर १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आल्यामुळे मराठी वाचकाला या भूमीचा परिचय आहे. येलहंक्याचे आजचे रूप मात्र निराळे आहे. येथे हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेची चाके व आस तयार करणारा कारखाना आहे, आणि १९९६ पासून बहुधा दर दोन वर्षांनी येथे एरो इंडिया हे विमानांचे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत कपाळावर हाताची सावली धरून आकाशाकडे पाहणारी माणसे हे येथील परिचित दृश्य होय.

आता अशी कल्पना करावी, की विमाने पाहण्यास सरावलेल्या या लोकांसमोर एके दिवशी माळावर एक परके यान उतरले आहे. प्रसंग एवढाच. तो एका वाक्यात सांगता येतो, आणि तो तसा सांगता यावाच लागतो. ज्या दृश्याचा प्रसंग सांगण्यास चार वाक्ये लागतात, ते विटांत उभे राहिल्यावर पाहणाऱ्याची नजर चार दिशांना पांगते.

विज्ञानकथेचा एक नियम येथेही लागू पडतो. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली. विज्ञानाचा पक्का आधार घेऊन, त्यावर कल्पनेची एक पायरी चढावयाची, असा त्यांच्या लेखनाचा मार्ग होता. प्रतिकृतीतही अविश्वसनीय वस्तू एकच असावी. बाकीचे सर्व जितके खरे, तितकी ती एक वस्तू पटते. येलहंक्याच्या दृश्यात यान परके आहे. म्हणून तांबडी माती, करड्या ग्रॅनाइटचे गोलाकार खडक, तलावाचा बांध, चहाची टपरी आणि वाटेत थांबलेली बस यांत तडजोड होता कामा नये.

प्रमाण

लेगोतील मानवाकृतीची उंची सुमारे ४ सेंटिमीटर असते. माणसाची उंची १७० सेंटिमीटर धरल्यास प्रमाण साधारण १ : ४२ येते. या हिशेबाने दहा मीटर लांबीची बस सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे ३० खुंट्यांची होईल. परंतु मानवाकृतीचे नुसते धडच दोन खुंट्या, म्हणजे १६ मिलिमीटर रुंद असते. १ : ४२ च्या मापाने ते ६७ सेंटिमीटर झाले! अर्थात ही आकृती उंचीच्या मानाने फार रुंद आहे. म्हणून बसचे दार, टपरीचा बाक आणि पायऱ्या हिशेबाहून किंचित रुंद ठेवाव्या लागतात. दिवाळीच्या किल्ल्यातील पेच येथे नाहीसा होत नाही. तो केवळ मोजला जातो आणि सर्व वस्तूंत सारखा वाटून दिला जातो.

हेच प्रमाण आणखी एक सत्य शिकविते. अडीच किलोमीटरची धावपट्टी १ : ४२ प्रमाणात बांधावयाची म्हटल्यास सुमारे ६० मीटर लांब होईल. कोणत्याही दालनात ती मावणार नाही. म्हणजे मोठ्या गोष्टीचा अंश दाखवून पूर्ण सुचविणे, हा या कलेचा नाइलाज आहे आणि तीच तिची शक्तीही आहे.

वजन आणि आधार

२०१२ साली इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठात केलेल्या एका चाचणीत दोन गुणिले दोन खुंट्यांची वीट सुमारे ४३२ किलोग्रॅम भाराखाली चिरडली गेली. एवढा भार म्हणजे तशाच पावणेचार लाख विटांचे वजन. त्यांची एकावर एक रचलेली चळत साडेतीन किलोमीटर उंच होईल. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की विटांच्या रचनेला वजनाची भीती नाही. तो चुकीचा ठरेल. वीट दाबाला भक्कम असली तरी ताणाला आणि वाकण्याला तिचा सांधा दुबळा आहे, कारण खुंटीची पकड केवळ घर्षणाची असते. मोठ्या प्रतिकृती चिरडून नव्हे, तर उकलून मोडतात.

माळावरील खडकाचा विचार करू. ४८ खुंट्यांच्या चौरसावर, म्हणजे ३८.४ सेंटिमीटर बाजूवर, वीस विटा उंचीचा भरीव खडक रचल्यास दोन गुणिले चारच्या ५,७६० विटा लागतात. प्रत्येक वीट सुमारे २.३ ग्रॅमची असल्याने त्याचे वजन तेरा किलोग्रॅमहून अधिक भरते. याउलट दोन खुंट्या जाडीची बाहेरील भिंत आणि आत फुलीसारख्या दोन आडभिंती एवढेच ठेवले, तर सुमारे १,३५० विटांत काम भागते आणि वजन तीन किलोग्रॅमच्या आसपास राहते. भिंत रचताना गवंड्याचाच नियम पाळावा : उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत.

यानाचा पंखा किंवा पुढे आलेला भाग यांची गोष्ट अधिक कठीण आहे. एकसारख्या जाडीचा पंखा दुप्पट लांब केला, तर त्याचे वजन दुप्पट होते. पण मुळाशी वाकविणारा जोर चौपट होतो. तेथे साध्या विटा पुरत नाहीत. छिद्रे असलेल्या तुळयांचा सांगाडा आत घालावा लागतो. दोन आडव्या तुळयांमध्ये दोन प्लेट ठेवल्यास त्यांच्या छिद्रांतील अंतर बरोबर १६ मिलिमीटर होते. मग उभी तुळई त्यांवर टेकवून खिट्यांनी जखडता येते. असा सांधा ओढला तरी उकलत नाही.

विटा एका मर्यादेपलीकडे स्वतःला सावरू शकत नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील एक्स-विंग हे यान पूर्ण आकारात मांडण्यात आले. त्यात ५३ लाखांहून अधिक विटा होत्या आणि पंखांचा विस्तार तेरा मीटरांहून जास्त होता. त्याच्या पोटात पोलादाचा सांगाडा होता.

संस्करण

पहिली आकृती हाती लागेल त्या रंगांच्या विटांनी, घाईने आणि निष्काळजीपणे बांधावी. १९९५ साली जेम्स जेसिमन यांनी सुरू केलेल्या एलड्रॉ या प्रणालीपासून संगणकावरही विटा जुळविता येऊ लागल्या. त्यामुळे विटांची संख्या आणि रंग यांचा हिशेब सोपा झाला. परंतु पडद्यावर जुळलेला सांधा हातातील वजन पेलेलच असे नाही. यास्तव जेथे भार आहे, तो भाग आधी हाताने बांधून पाहणे इष्ट.

समजा, येलहंक्याच्या दृश्यासाठी ४८ खुंट्यांच्या पंधरा तळप्लेटचा, म्हणजे १९२ गुणिले ११५ सेंटिमीटरचा मंच ठरविला आणि त्यावर साठ मीटरचे यान उभे केले. १ : ४२ ने त्याची लांबी १४३ सेंटिमीटर भरते. चार महिने खपून ते पुरे झाले. शेपटीकडील यंत्रांची वीण तर सर्वांत देखणी साधली. मग रचनाकाराने मंचाच्या कडेला गुडघे टेकून, मानवाकृतीच्या उंचीवरून दृश्य पाहिले. यानाखेरीज काहीच दिसेना. बस झाकली गेली, टपरी पंखाखाली गेली, आणि ज्यांच्यासाठी प्रसंग निवडला ती माणसे कोपऱ्यात उरली. दृश्याचे यान झाले होते. यानाचे दृश्य झाले नव्हते.

अशा वेळी दोन मोह होतात. एक, मंच वाढविण्याचा. दुसरा, यान लहान करण्याचा. पहिल्याने खोलीचे दार आडवे येते, दुसऱ्याने भव्यता जाते. तिसरा मार्ग कठीण, पण योग्य आहे. यान मंचाच्या कडेला सरकवून केवळ पुढचा तिसरा हिस्सा आत येऊ द्यावा आणि उरलेला कापून टाकावा. कडेपाशी तुटलेले यान पाहणाऱ्याच्या मनात पुढे वाढत जाते. ते किती मोठे, हे कोणी मोजू शकत नाही. मात्र यासाठी तीच देखणी शेपटी उकलावी लागते. संस्करणाची खरी कसोटी येथे लागते. जे वाईट बांधले ते मोडणे सोपे असते. जे उत्तम साधले, परंतु प्रसंगाच्या कामाचे नाही, ते मोडण्यास धैर्य लागते.

यानंतर माणसांकडे वळावे. लेगोच्या मानवाकृतीचे डोके डावीकडे-उजवीकडे फिरते, पण वर उचलत नाही. आकाशाकडे पाहणारा जमाव दाखवावयाचा, आणि कोणालाच मान वर करता येत नाही! उपाय शरीराच्या इतर भागांत शोधावा लागतो. काही आकृती बांधाच्या उतारावर मागे रेलून बसवाव्यात. एखादी बसच्या टपावर उताणी निजवावी. काहींचे हात डोळ्यांपाशी उचलावेत. एखाद्या मुलाला बिजागरीच्या प्लेटवर उभे करून किंचित मागे कलते करावे. आणि एका आकृतीची पाठ यानाकडे ठेवावी : चहा गाळणाऱ्या टपरीवाल्याची. सगळा जमाव एकाच दिशेला पाहत असता एक जण आपल्या कामात मग्न आहे, एवढ्यानेच तो जमाव खरा वाटू लागतो.

रंगांत काटकसर हवी. यान एकाच पांढऱ्या रंगात ठेवून जमीन तपकिरी व तांबूस छटांच्या मिश्रणाने विस्कळीत करावी. यानावरील बारीक तपशील सर्वत्र पसरू नयेत. सांधे, झडपा आणि पाय यांच्यापाशी ते एकवटावेत आणि उरलेला पृष्ठभाग मोकळा सोडावा, कारण मोकळ्या जागेमुळेच आकार मोठा भासतो. प्रतिकृती उन्हात ठेवू नये. सूर्यप्रकाशाने पांढऱ्या विटा कालांतराने पिवळ्या पडतात.

शेवटी वाहतूक. मंच एकसंध न ठेवता दारातून जातील अशा भागांत विभागावा आणि भाग एकमेकांना खिट्यांनी जोडावेत. विभागणीची रेषा रस्त्याच्या कडेने किंवा बांधाच्या पायथ्याने न्यावी, म्हणजे ती डोळ्यांत भरत नाही.

दिवाळी सरली की किल्ला पावसाआधीच मातीत मिसळतो. विटांचे दृश्यही कधीतरी मोडावयाचे असते. परंतु त्याची वीट झिजत नाही, ती पेटीत परतते आणि पुढच्या कल्पनेची वाट पाहते. ज्याने शेपटी मोडण्याचे धैर्य एकदा दाखविले, त्याला हे शेवटचे मोडणे जड जात नाही.

अभ्यास

१. आपल्या गावातील एक परिचित जागा निवडून तेथे घडणारा विज्ञानकथेतील प्रसंग एका वाक्यात लिहा.

२. त्या जागेतील सर्वांत मोठ्या वस्तूची लांबी १ : ४२ प्रमाणात काढा. ती मंचावर मावत नसल्यास तिचा कोणता अंश दाखवाल?

३. पंखाची लांबी तिप्पट केल्यास मुळाशी येणारा वाकविणारा जोर किती पट होईल?

४. आपण बांधलेल्या एखाद्या प्रतिकृतीतील सर्वांत आवडता भाग कोणता? तो काढून टाकल्यास दृश्य अधिक स्पष्ट होईल काय, याचा प्रामाणिकपणे विचार करा.